डुलकी मंडळ आणि चाफेकट्ट्याचं वळण

डुलकी मंडळाचा नियम एकच होता. झोपलेल्याला कोणी उठवायचं नाही.

आता पुण्यातलं मंडळ म्हटल्यावर अध्यक्ष होते, कार्यवाह होते, कोजागरीला वार्षिक सभा व्हायची आणि सभेत रीतसर भांडणंही व्हायची. पण नियम तेवढा एकच. दुपारचं जेवण झालं की भुयारी मेट्रोच्या शेवटच्या डब्यात जमायचं, आपापली जागा धरायची आणि गाडी हलली की डोळे मिटायचे. बहुतेकांच्या घरी वामकुक्षीची सोयच उरली नव्हती हो. मुलगा घरून काम करणार, सून घरून काम करणार, नातवंडांची शाळासुद्धा दिवाणखान्याच्या भिंतीवर. "आजी, शू! वर्ग चालू आहे." स्वतःच्या घरात घोरायची चोरी! त्यापेक्षा गाडी बरी. गार हवा, अंधारा बोगदा आणि पाळण्यासारखा डुलणारा डबा.

गाडी एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायची, तशीच परत यायची, आणि ज्याचं स्टेशन येईल तो आपोआप जागा होऊन उतरून जायचा. त्याला हाक मारायची नाही, हलवायचं नाही, मुद्दाम खोकायचंसुद्धा नाही. जो झोपेत पुढे गेला, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना आलेपाकाच्या वड्या आणायच्या. बाहेरच्यांना हे सगळं थापा वाटतं. वाटू दे. वर्षानुवर्षं एकाच गाडीनं गेलेल्या कोणालाही विचारा, स्टेशन जवळ आलं की डोळा आपोआप उघडतो की नाही ते.

अध्यक्ष होते तुषार घोटवडेकर. जन्मभर कबड्डीचे पंच. रेषेला पाय लागला की शिट्टी, मग समोर सख्खा भाऊ का असेना. डब्यात ते दाराजवळ बसायचे आणि झोपेतही त्यांचा एक डोळा आमच्यावर असायचा, अशी माझी पक्की खात्री होती. दर सहा महिन्यांनी ते जाहीर करायचे, "आजवर एकदाही वड्या न आणलेला सभासद एकच. पराग साखवळकर. टाळ्या!"

पराग म्हणजे माझा नवरा. मी मात्र एकदा, एकटी आले असताना, पुढे जाऊन वड्या आणल्या होत्या. आमच्या पिढीतले आजोबा पराग, तुषार आणि राहुलच असतात, हसू नका. पराग तबलजी. मोठ्या मैफिलींत साथ केलेला माणूस. मग बोटांचे सांधे धरले. तबल्याची जोडी कपाटावर गेली, तिच्यावर पलंगपोस पडला आणि त्या विषयावर घरात बोलणं बंद झालं. माझ्याशी तो हसायचा, भांडायचा, पण खोलीत एकटा असला की मांडीवर बोटं वाजवायचा, आणि दुखलं की थांबायचा. मला ते बघवत नसे.

मंडळात मात्र त्याचा रुबाब होता. आमचं चाफेकट्टा स्टेशन आलं की हा डोळे उघडून ताठ उठायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, "बोटं गेली, पण सम नाही गेली. झोपेतसुद्धा समेवर येतो मी."

आणि मी, हेमांगी साखवळकर, त्याच्या डाव्या बाजूला बसलेली असायची. माझं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. मोटारी आपल्या आपण चालायला लागल्या आणि स्कूलला टाळं लागलं. पण अर्ध्या पुण्याला क्लच सोडायला मी शिकवलंय. गाडी कुठे हिसका देते आणि का देते, ते मला कोणी सांगायला नको. शिकणाऱ्यावर मी कधी ओरडले नाही. बरगडीत कोपर टोचलं की ब्रेक मारायचा, ही आमच्या स्कूलची भाषा होती.

ती जुनी गाडी आमची फार लाडकी. आम्ही तिला 'हलती' म्हणायचो. आमच्या लहानपणी पुण्यात मेट्रो नव्हतीच. तरुणपणी आली, तेव्हा आम्ही हौसेनं नटून बसायला गेलो होतो. तीच गाडी आमच्याबरोबर म्हातारी झाली. सुटताना ती गळा साफ करून सूर लावायची. पराग म्हणायचा, काळी दोनला लागते बरोबर. शेवटच्या डब्याचं तिसरं दार मिटायचं, पुन्हा थोडं उघडायचं, मग एकदाचं मिटायचं. उभ्या दांड्यांचा पिवळा रंग हात लागून लागून गेला होता. आणि लिंबाचा तळ हे स्टेशन सोडल्यावर, चाफेकट्ट्याच्या अलीकडे, ती एकदा डावीकडे कलायची, एकदा उजवीकडे. तिथं जमिनीखाली जुन्या काळचा पाण्याचा नळ होता, तो चुकवायला बोगद्याला दुहेरी वळण दिलेलं. त्या वळणाला अख्खं मंडळ झोपेत मान डोलवायचं. उजवीकडे, मग डावीकडे. नवख्या प्रवाशांची हसून पुरेवाट.

अशी ही गाडी काढून टाकायची ठरली. आणि नव्या गाडीचं काम करणाऱ्यांत होती आमची सून, ईशानी.

---

विहान, आमचा मुलगा, बोटीवर. सहा महिने समुद्रात. त्यामुळे घरात आम्ही तिघंच आणि ईशानीची यंत्रं. एकदा जेवताना तिनं ताकाचा काठोकाठ भरलेला पेला एका चपट्या चौकोनी पाटावर ठेवला आणि मला म्हणाली, "आई, टेबल हलवा. जोरात."

मी हलवलं. भाजी सांडली, वाटी पडली. पेल्यातलं ताक जागचं हललं नाही.

"अगं बाई!" मी म्हटलं.

"हीच नवी गाडी. नाव ठेवलंय 'स्थिरा'." मग तिनं समजावून सांगितलं. गाडी हलते ती रुळांमुळे. रूळ कुठे सूतभर खचलेला असतो, कुठे जोड असतो, कुठे वळण. जुन्या गाडीत स्प्रिंगा तो धक्का थोडा पचवायच्या आणि उरलेला माणसाला द्यायच्या. स्थिराला मात्र अख्ख्या मार्गाचे धक्के आधीच पाठ. चाकाखाली खळगा आला की त्याच क्षणी डब्याखालचे विद्युतचुंबक तेवढ्याच जोरानं उलटा धक्का देतात. दोन्ही मिळून शून्य. आत बसलेल्याला काहीच कळत नाही.

"आणि आपण चाललोय हे माणसाला कळणार कसं?" मी विचारलं.

"कशाला कळायला हवं, आई?"

परागनं ताकाचा पेला उचलला आणि पिऊन टाकला. "शून्य मात्रांचा ताल," म्हणाला. "वाजवा म्हणावं."

ईशानी हसली, पण गोष्ट तिच्या मनाला लागून राहिली असावी. मुलगी मोठी गुणी. लग्न होऊन आली तेव्हा परागला "बाबा" म्हणायला तिला आठवडा लागला नाही. तिचे स्वतःचे वडील लहानपणीच गेलेले. दोघं एकमेकांची खोडी काढत बसायचे आणि मी पोळ्या लाटता लाटता दोघांना रागवायची. असं आमचं घर.

पुढच्या महिन्यात ती मंडळात येऊन उभी राहिली. हलतीचे शेवटचे महिने होते. "तुम्ही झोपेतून बरोबर स्टेशनवर उठता म्हणे. मला ते मोजायचंय." तुषाररावांनी सभा बोलावली, बरीच भवति न भवति झाली आणि शेवटी सगळ्यांच्या कपाळाला पातळ पट्ट्या लागल्या.

त्यातून जे निघालं त्यानं ईशानी वेडीच झाली. आपल्या कानाच्या आत, अगदी खोल, चुन्याचे बारीक खडे असतात म्हणे. वाळूच्या कणाहूनही बारीक. आपण कललो की ते सरकतात आणि त्यांच्याखालचे केसासारखे तंतू मेंदूला कळवतात. हे खडे झोपत नाहीत. माणूस घोरत असला तरी ते सांगत राहतात : आता डावीकडे, आता उतार, आता ब्रेक. झोपलेला मेंदू हे सगळं ऐकतो आणि ओळखीचं आहे म्हणून सोडून देतो. रोज तीच गाडी, तोच मार्ग, असं वर्षानुवर्षं झालं की मेंदूच्या तळाशी त्या धक्क्यांचा नकाशाच तयार होतो. आपल्या स्टेशनच्या अलीकडचा धक्का आला की तिथला पहारेकरी माणसाला जागं करतो.

"आणि सगळ्यात सुंदर आलेख कोणाचा माहितीये?" ईशानीनं भिंतीवर रेघ दाखवली. "बाबांचा! बाकीच्यांची जाग हळूहळू येते, पुढेमागे होते. बाबांची बघा. हे दुहेरी वळण. इथं रेघ थोडी वर. आणि हे इथं, स्टेशन येता येता, एकदम टोक! रोज! एका दिवसाचीही चूक नाही. मी हा आलेख परदेशातल्या परिषदेत दाखवणार आहे."

पराग खुर्चीत असा बसला होता, जणू नुकताच तिहाई घेऊन समेवर आलाय आणि सभागृह उभं राहिलंय. बोटं गेल्यापासून त्याच्या तोंडावर असं तेज मी पाहिलं नव्हतं.

मी भेंडी चिरत राहिले.

---

हलतीला निरोप द्यायला मंडळानं डेपोत हार नेले, नारळ नेला, पेढे नेले. गाडीच्या नाकाला कुंकू लावायला डेपोवाले नको म्हणत होते, पण आमच्या कार्यवाह रूपालीताईंनी लावलंच. तिथल्या माणसानं तुषाररावांना आठवण म्हणून डब्यातला धरायचा पट्टा काढून दिला, तर हा कठोर पंच सगळ्यांसमोर रडला. परागनं गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवला. "चांगली साथ केलीस," म्हणाला. मला हुंदका आवरेना. पत्र्याची गाडी ती, पण आमची तरुणपणची गर्दी, भांडणं, विहान पोटात असताना मला मिळालेली जागा, सगळं तिच्यातच झालं होतं.

आणि मग स्थिरा आली. काय सांगू! चकचकीत, सुगंधी आणि थांबलीय की चाललीय याचा पत्ता नाही. पहिल्याच आठवड्यात मंडळाचे निम्मे सभासद पुढच्या टोकाला जाऊन पोचले. आलेपाकाच्या वड्या इतक्या झाल्या की रूपालीताईंना खाववेनात. काहींना झोपच लागेना. "हलल्याशिवाय कसं झोपायचं?" असा सगळ्यांचा एकच प्रश्न.

पराग मात्र रोज चाफेकट्ट्याला उठतच होता. तुषारराव थक्क. ईशानी तर चक्रावूनच गेली. "धक्का नाही, तरी बाबा उठतात? म्हणजे त्यांच्या नकाशात वेळही आहे!" पराग मिशीत हसायचा.

मग माझ्या भाचीचं डोहाळजेवण आलं, साताऱ्याला. मी सकाळीच गेले. जाताना म्हटलंसुद्धा, "आज नको जाऊस मंडळात. घरी लोळ."

"का? तू नसलीस तर सम चुकेल होय माझी?"

त्या दुपारी पराग झोपेत चाफेकट्ट्याच्या पुढे गेला. सातआळीला कोणाच्या तरी बोलण्यानं दचकून उठला, आपण पुढे आलो हे कळल्यावर ओशाळला आणि कोणी बघायच्या आत उतरावं म्हणून धावला. सरकत्या जिन्यावर पाय चुकला. डोक्याला मार लागला.

साताऱ्याहून मी कशी परत आले, मला आठवत नाही.

---

शस्त्रक्रिया चांगली झाली. मेंदूवरचं रक्त काढलं, सूज उतरली, गुंगीची औषधं बंद केली. पराग उठायला हवा होता. उठला नाही.

डॉक्टर नाझनीन मुजावर फार शांतपणे बोलायच्या. त्यांनी मला खुर्चीत बसवून सांगितलं, "मावशी, मेंदूचा विचार करणारा भाग शाबूत आहे. पण जागं करणारा भाग असतो ना तळाशी, तो सुन्न आहे. त्याला काहीतरी ओळखीचं, खूप खोलवर मुरलेलं मिळालं तर तो चाळवू शकतो. बोलत राहा, हात लावत राहा." मग म्हणाल्या, "मात्र जितके दिवस जातील तितकी आशा कमी होत जाते. तुमच्यापासून लपवत नाही."

मी बोलत राहिले. भांडणं उकरून काढली. तळपायाला तेल चोळलं, कपाळावरून हात फिरवला. ईशानीनं त्याच्या जुन्या मैफिली ऐकवल्या. बोटाचं टोकही हललं नाही.

चौथ्या का पाचव्या दिवशी ईशानी बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि एकाएकी कोसळली. "माझ्यामुळे झालं, आई. हलती असती तर बाबा वळणाला उठले असते. मी त्यांचं वळण पुसून टाकलं. मला वडील दुसऱ्यांदा मिळाले होते, आणि मी..."

"गप्प बस," मी म्हटलं. "वेडी आहेस का?" पण खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं. त्या चकचकीत गाडीचा मला इतका राग आला होता की समोर असती तर लाथ घातली असती.

ईशानी रडता रडता थांबली. डोळे पुसले. "आई, धक्का खोडून काढायचा तर आधी तो पाठ असावा लागतो."

"म्हणजे?"

"माझ्याकडे हलतीचा एकेक धक्का आहे, आवाजसुद्धा. अख्ख्या मार्गाचा. स्थिरा त्याच्या उलटं करते. मी उलटं नाही केलं तर? चुंबक पलंगाखाली लावले तर?" ती उठून उभीच राहिली. "मी बाबांना हलतीत बसवते."

---

डॉक्टर मुजावरांनी चार प्रश्न विचारले, मानेला पट्टा राहील, हिसके मर्यादेत राहतील, एवढं लिहून घेतलं आणि परवानगी दिली. ईशानीच्या प्रयोगशाळेतली माणसं सामान घेऊन आली. पलंगाची पाठ उभी करून परागला बसतं केलं. तुषारराव डेपोत जाऊन हलतीच्या बाकाची फळी मागून घेऊन आले, ती त्याच्या पाठीशी लावली. निरोपाच्या दिवशी मिळालेला पट्टा त्यांनी सलाईनच्या दांडीला अडकवला. "डब्यात बसल्यासारखं वाटायला हवं," म्हणाले आणि स्वतः दाराजवळ जाऊन उभे राहिले, नेहमीच्या जागी.

वेळ वामकुक्षीचीच निवडली. ईशानीनं परागच्या कपाळाला पुन्हा ती पातळ पट्टी लावली, पडदे ओढले आणि कळ दाबली.

हलतीनं सूर लावला. काळी दोन. तिसरं दार मिटलं, उघडलं, मिटलं. पलंग हळूच हिसका देऊन निघाला आणि डुलायला लागला. तोफखाना गेलं. टोकाचं स्टेशन गेलं. गाडी परत फिरली. तुषाररावांची मान नकळत डोलत होती. परागचा चेहरा तसाच होता, पण मला तो पहिल्यांदाच आजारी न वाटता झोपलेला वाटला.

लिंबाचा तळ सुटलं. पलंग डावीकडे कलला, मग उजवीकडे. परागची मान उजवीकडे गेली, मग डावीकडे. भिंतीवरची रेघ वर उचलली गेली.

"आली!" डॉक्टर पुढे झाल्या. "हललं काहीतरी. चालू ठेवा."

ब्रेक लागला. रेघ तिथंच थरथरली. आणि खाली बसली. चाफेकट्टा आलं, दारं उघडली, मिटली. पराग झोपलेलाच.

ईशानीनं पुन्हा सुरू केलं. पुन्हा वळण, पुन्हा रेघ वर, पुन्हा खाली. तिसऱ्यांदा तेच. पडदे ओढलेल्या त्या खोलीत कोणी कोणाकडे बघेना.

"पण का?" ईशानीचा आवाज चिरकला. तिनं परागचा जुना आलेख शेजारी उभा केला. "हे बघा ना. वळणाला रेघ एवढीच वर जायची. आत्ताही गेली. मग हे टोक? हे टोक कुठून यायचं? गाडीत यानंतर काहीच नाही. धक्का नाही, वळण नाही. मी शंभरदा तपासलंय. हे टोक का येत नाही?"

मी उठून त्या टोकाशी गेले.

"ईशानी," मी म्हटलं, "ते टोक म्हणजे मी."

"काय?"

"माझं कोपर आहे ते. वळण संपलं की मी त्याच्या बरगडीत कोपर टोचायची. हळूच. रोज."

दाराजवळून, सवयीनं, तुषाररावांच्या तोंडून निघालं, "नियमभंग!" आणि लगेच त्यांनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"हो, नियमभंग!" माझा बांध फुटला. "काय करू मग? एकदा वळण गेलं तरी हा घोरतच होता. बोटं नुकतीच गेली होती त्याची. म्हटलं, आता इथंही चुकला तर माणूस मोडेल माझा. म्हणून मारलं कोपर. हा उठला आणि म्हणाला, समेवर आलो! अहो, किती दिवसांनी हसला होता तो. मग दुसऱ्या दिवशी मारलं. मग रोजच मारलं. त्याला नाही कळलं, तुम्हाला नाही कळलं. तू आलेख दाखवलास तेव्हा सांगणार होते, पण त्याचा चेहरा बघितलास ना तू? कोणत्या तोंडानं सांगू?"

ईशानीच्या परिषदेतल्या त्या सुंदर आलेखाचा कचरा झाला होता, पण तिच्या डोळ्यांत वेगळंच काही हललं. "म्हणजे... स्थिरात ते उठायचे ते..."

"माझ्याच कोपरानं. स्थिरात मी जागीच राहायची, स्टेशनं मोजत. हलती असती तरी त्या दिवशी तो पुढेच गेला असता, बाळा. मी नव्हते ना शेजारी. तुझ्या गाडीचा काही दोष नाही. ऐकतेस का? काही दोष नाही." मी तिला जवळ घेतलं.

डॉक्टर मुजावर आलेखाजवळ गेल्या होत्या. वळणावर एक बोट, टोकावर दुसरं. "म्हणजे त्यांच्या मेंदूनं पाठ केलंय ते दोन्ही मिळून," त्या हळूच म्हणाल्या. "वळण, आणि त्यानंतर तुम्ही. आपण त्याला अर्धंच ऐकवत होतो. मावशी, या दिवसांत तुम्ही त्यांना कोपर मारलंत का कधी?"

"आजारी माणसाला कोण कोपर मारतं हो?"

"आता मारा."

मी परागच्या डाव्या बाजूला पलंगावर चढून बसले. नळ्या सांभाळून, नेहमीसारखी खांद्याला खांदा लावून. त्याच्या अंगाला औषधांचा वास येत होता. देवाला काही मागितलं नाही. मनात परागलाच म्हटलं, बाबा रे, तुझी सम, तुझा मान, सगळं मी आत्ता चव्हाट्यावर मांडलंय. उठ आणि भांड माझ्याशी. हवं तर महिनाभर बोलू नकोस. पण उठ.

ईशानीनं कळ दाबली. हलतीनं सूर लावला.

स्टेशनं येत होती, जात होती. मी डोळे मिटून घेतले. मला काही मोजावं लागत नव्हतं. लिंबाचा तळ सुटलं. डावीकडे कललो, दोघंही. उजवीकडे कललो, दोघंही. ब्रेक लागायला सुरुवात झाली आणि माझं कोपर आपोआप गेलं, बरगडीत, नेहमीच्या जागी, नेहमीइतकंच.

भिंतीवर काय झालं मी बघितलं नाही. ईशानी किंचाळली, एवढं ऐकलं. मी परागकडे बघत होते. त्याच्या पापण्या थरथरल्या. ओठ सुटले. घशातून खरखर आली, मग शब्द. इतका बारीक आवाज की मला कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागला. पण खोलीत अशी शांतता होती की सगळ्यांनीच ऐकलं.

"हळू मार गं," पराग पुटपुटला. "तुष्या बघतोय."

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. म्हणजे याला माहीत होतं. इतकी वर्षं. रोज.

मी रडले की हसले, देव जाणे. त्याला आणखी एक कोपर मारलं, चांगलं जोरात, आणि त्यानं "आई गं" म्हणून डोळे उघडले.

दाराजवळ तुषारराव आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे होते. खांदे हलत होते त्यांचे.

"मी काही बघितलेलं नाही," ते म्हणाले.